मराठी मीडियमची पोरं, अकरावी सायन्स आणि बायोलॉजीचं इंग्रजी: कसं शिकवायचं

दहावीपर्यंत सगळं मराठीत आणि अकरावीला सायन्स घेतलं की एकदम सगळं इंग्रजीत, अशी मुलं तुमच्या कॉलेजात नाहीतर क्लासला असतील तर हे तुमच्यासाठी आहे. सेमी इंग्लिशवाल्यांना सुरुवातीला जरा सोपं जातं, पण खालचं अर्धंअधिक त्यांनाही लागू पडतं.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकू. आपल्याला वाटतं की पोरांना जड जाणारे शब्द म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, एंडोप्लाझमिक रेटिक्युलम, फोटोसिंथेसिस वगैरे. पण असे लांबलचक शब्द मुलं पंधरा दिवसात तोंडपाठ करतात, कारण ते दिसतातच वेगळे, सर ते फळ्यावर लिहितात, परीक्षेत त्याला मार्क असतात. अडतं कुठे, तर त्या शब्दाच्या आजूबाजूला जे साधं इंग्रजी असतं तिथे. 'लाईन्ड बाय', 'गिव्ह्ज राईज टू', 'डिराईव्ह्ड फ्रॉम', 'व्हेअरअ‍ॅज', 'एक्सेप्ट'. हे कुणी शिकवत नाही, कारण बायोलॉजीवाल्याला वाटतं हे इंग्लिशच्या मॅडमचं काम आणि इंग्लिशच्या मॅडमना त्यांचा सिलॅबस संपवायचा असतो.

आणि याला आपली शिकवायची पद्धतच कारण आहे. आपण वर्गात कसं बोलतो बघा: "मायटोकॉन्ड्रिया एटीपी प्रोड्यूस करतात, त्याला डबल मेम्ब्रेन असतं, आतल्या मेम्ब्रेनला घड्या असतात त्यांना क्रिस्टी म्हणतात." नामं इंग्रजी, क्रियापदं मराठी, वाक्याची रचना तर पूर्ण मराठी. मुलाला समजतं, मान डोलावतो, सगळं छान. घरी जाऊन पुस्तक उघडतो तर तिथे अख्खं वाक्य इंग्रजीत, त्यातली नामं ओळखीची आणि बाकी काहीच ओळखीचं नाही, मग तो नुसते ओळखीचे शब्द हायलाईट करत पान उलटतो. मिक्स बोलणं बंद करा असं मी म्हणत नाही, त्याशिवाय शिकवताच येणार नाही. पण प्रत्येक मुद्दा मराठीत समजावून झाला की शेवटी तोच मुद्दा दोन पूर्ण इंग्रजी वाक्यांत सावकाश बोला, फळ्यावर लिहा आणि मुलांकडून मोठ्याने म्हणून घ्या. "द इनर मेम्ब्रेन फॉर्म्स फोल्ड्स. दीज फोल्ड्स आर कॉल्ड क्रिस्टी." बस एवढंच. वर्षभर रोज केलं तर दिवाळीनंतर फरक दिसायला लागतो.

आता कामाला लागू. धडा सुरू करायच्या आदल्या दिवशी तो धडा घेऊन बसा आणि पेन्सिलने तीन प्रकारचे शब्द वेगळे काढा. पहिले म्हणजे पक्के बायोलॉजीचे. दुसरे म्हणजे जे रोजच्या इंग्रजीत एक अर्थाने माहीत आहेत पण इथे भलताच अर्थ आहे. तिसरे म्हणजे क्रियापदं आणि जोडणारे शब्द. एका तासाला तिन्ही मिळून सात-आठच्या वर शब्द घेऊ नका. धड्यात चाळीस नवे शब्द असतील तर असू द्या, सगळे शिकवायचे नसतात, काही वाचता वाचता कळतात आणि काही तर एकदाच येऊन जातात.

पहिल्या प्रकारात आपल्या मुलांचा एक मोठा फायदा आहे जो आपण वापरतच नाही. त्यांना मराठी शब्द येतात! बालभारतीने केलेले शब्द अवघड वाटतात खरे, पण बरेचसे ग्रीक-लॅटिन शब्दाच्या तुकड्याला तुकडा लावून केलेले आहेत. आर्थ्रोपोडा घ्या. आर्थ्रो म्हणजे सांधा, पोड म्हणजे पाय, आणि पोरं दहावीपर्यंत काय शिकली? संधिपाद. एकायनोडर्माटा म्हणजे काटे आणि चामडी, मराठीत कंटकचर्मी. जिम्नोस्पर्म म्हणजे उघडं बी, मराठीत अनावृत्तबीजी. मोनोकॉट म्हणजे एकबीजपत्री, डायकॉट म्हणजे द्विबीजपत्री. अँफिबिया म्हणजे दोन्हीकडे जगणारे, उभयचर. म्हणजे अर्थ मुलाच्या डोक्यात आधीच बसलेला आहे, फक्त त्यावर नवीन नाव चिकटवायचं आहे. त्यामुळे "आता मराठी विसरा, इथून पुढे सगळं इंग्लिश" असं पहिल्याच दिवशी सांगणारे सर मला अजिबात पटत नाहीत, तुम्ही त्या मुलाची दहा वर्षांची कमाई केराच्या टोपलीत टाकायला सांगताय.

फळ्यावर दोन ओळी काढा, वर इंग्रजी शब्द तुकडे पाडून, खाली मराठी शब्द तुकडे पाडून, आणि मुलांना बाण जोडायला लावा. सगळे शब्द असे जुळणार नाहीत, मायटोकॉन्ड्रियाचं तंतुकणिका जुळतं (मायटो म्हणजे धागा, कॉन्ड्रियॉन म्हणजे कण), क्लोरोप्लास्टचं हरितलवक जुळतं, पण व्हॅक्युओलचं रिक्तिका तेवढं तुकड्यात बसत नाही, रिकामी जागा एवढाच धागा आहे. जिथे जुळतं तिथे वापरा, उगाच ओढूनताणून नको.

हे तुकडे पक्के व्हायला घरातले शब्द वापरा. आजीच्या गुडघ्याचा आर्थ्रायटिस सगळ्यांना माहीत असतो, तिथून आर्थ्रोपोडावर या. तालुक्याच्या गावात हॉस्पिटलच्या पाट्यांवर कार्डिओलॉजिस्ट, नेफ्रोलॉजिस्ट, न्यूरोलॉजिस्ट, डर्मेटोलॉजिस्ट असं लिहिलेलं असतंच, मुलांना सांगा येताजाता पाट्या वाचून या, मग नेफ्रॉन, न्यूरॉन, एपिडर्मिस, पेरिकार्डियम शिकवताना अर्धं काम झालेलं असतं. 'आयटिस' म्हणजे सूज, 'लायसिस' म्हणजे फुटणं-तुटणं, 'सायट' म्हणजे पेशी, 'हायपर' जास्त, 'हायपो' कमी. असे पंचवीस-तीस तुकडे पहिल्या दोन महिन्यात झाले की मुलं न शिकवलेला शब्दही अंदाजाने फोडायला लागतात. फक्त एक सावधगिरी, तुकडे कधीकधी फसवतात. व्हिटॅमिन हे नाव १९१२ साली कासिमिर फुंक यांनी दिलं ते 'जीवनाला लागणारं अमाईन' या अर्थाने, नंतर कळलं की सगळी व्हिटॅमिन्स अमाईन नसतातच. म्हणून अंदाज केला की पुस्तकात जाऊन खात्री करायची ही सवय सोबतच लावा.

माझा सगळ्यात आवडता प्रकार म्हणजे सीबीसी रिपोर्ट, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजल्याचा कागद. डेंग्यूच्या सीझनमध्ये प्रत्येक घरात असा एखादा तरी रिपोर्ट पडलेला असतो. नाव-गाव काळं करून त्याची झेरॉक्स काढा आणि रक्ताचा धडा त्यावरच घ्या. एरिथ्रो म्हणजे लाल, ल्युको म्हणजे पांढरं, थ्रॉम्बो म्हणजे गुठळी. एरिथ्रोसाईट, ल्युकोसाईट, थ्रॉम्बोसाईट. प्लेटलेट म्हटलं की "सर दीड लाखाच्या खाली गेल्या की अ‍ॅडमिट करतात" असं कुणीतरी म्हणणारच, तिथे थांबा आणि खरं काय ते सांगा, दीड ते साडेचार लाख ही एका मायक्रोलिटरमागची नॉर्मल रेंज असते आणि नुसत्या आकड्यावर कुणी अ‍ॅडमिट करत नाही. खाली न्यूट्रोफिल, लिम्फोसाईट, मोनोसाईट, इओसिनोफिल, बेसोफिल टक्क्यांसकट छापलेलं असतं. पुस्तकात न्यूट्रोफिल ६० ते ६५ टक्के दिलेत, रिपोर्टात किती? जास्त कुठल्या, कमी कुठल्या? आता हेच इंग्रजीत बोला: "न्यूट्रोफिल्स आर द मोस्ट अबंडंट. बेसोफिल्स आर द लीस्ट." मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत हीच वाक्यं जशीच्या तशी येतात, आणि 'अबंडंट' हा शब्द कुठल्याही बायोलॉजीच्या शब्दयादीत नसतो.

दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण इथे मुलाला वाटतं की आपल्याला येतंय. टिश्यू म्हणजे लग्नात हात पुसायचा कागद. सेल म्हणजे घड्याळातला. कल्चर म्हणजे संस्कृती, मग टिश्यू कल्चर म्हणजे काय होणार विचार करा, आणि गंमत म्हणजे हाच मुलगा दहावीपर्यंत ऊती संवर्धन व्यवस्थित शिकलेला असतो. होस्ट, मॅट्रिक्स, बेस, व्हेसल, एक्स्प्रेशन, ट्रान्सलेशन, रेझिस्टन्स, फिटनेस, सगळे याच जातीचे. इकॉलॉजीत कम्युनिटी म्हटलं की आमच्याकडे पोरांच्या डोक्यात 'समाज' येतो, म्हणजे कुठल्या समाजाचा वगैरे, आणि पॉप्युलेशन म्हटलं की भारताची लोकसंख्या, त्यामुळे तळ्यातल्या बेडकांचं पॉप्युलेशन हे त्यांना विनोदी वाटतं.

वर्गीकरणाचा धडा तर असल्या शब्दांचं आगर आहे. क्लास म्हणजे ट्यूशन, ऑर्डर म्हणजे हॉटेलातली, फॅमिली म्हणजे घरचे. इथे मराठी उतरंड आधी फळ्यावर लिहा: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. शेजारी किंगडम, फायलम, क्लास, ऑर्डर, फॅमिली, जीनस, स्पीशीज. आणि शेवटच्या दोघांकडे लक्ष द्या. पाठ्यपुस्तकात जीनसला प्रजाती आणि स्पीशीजला जाती म्हणतात, पण पेपरात बातमी येते "सह्याद्रीत पालीची नवी प्रजाती सापडली" तेव्हा त्यांना बहुतेक वेळा स्पीशीज म्हणायचं असतं. एकदा सांगून टाका नाहीतर मुलं बातमी वाचून गोंधळतात. सायंटिफिक नावं घेताना मँजिफेरा इंडिकातलं (आंबा) इंडिका त्यांना लगेच कळतं, ओरायझा सटायवा (भात) आणि पायसम सटायव्हम (वाटाणा) सोबत लिहून विचारा की सटायवा काय असेल. लागवडीचं, पेरलेलं. मग पाठ करावं लागत नाही.

या दुसऱ्या प्रकारच्या शब्दांसाठी वहीत चार खान्यांची चौकट चांगली चालते. १९६९ च्या सुमारास अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीत डोरोथी फ्रेयर आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली, म्हणून तिला फ्रेयर मॉडेल म्हणतात. मधे शब्द, एका खान्यात अर्थ, एकात वैशिष्ट्यं, एकात उदाहरणं, एकात 'हे नव्हे'. मी अर्थाच्या खान्यात मराठी शब्द लिहायला लावते आणि वैशिष्ट्यं मात्र इंग्रजी वाक्यात. खरी मजा 'हे नव्हे' मध्ये आहे, होस्टसमोर "घरी आलेल्या पाहुण्यांचा यजमान नव्हे", टिश्यूसमोर "एकटी पेशी नव्हे, अख्खा अवयवही नव्हे". पण प्रत्येक शब्दाला चौकट काढायला लावू नका हो, मुलं पट्टी घेऊन चौकोन आखत बसतात आणि तास संपतो. आठवड्याला चार-पाच पुरे.

जुळ्या शब्दांचं काय करायचं? मायटोसिस-मायोसिस, युरेटर-युरेथ्रा, स्टोमा-स्ट्रोमा, ग्लायकोजेन-ग्लुकॅगॉन, क्रोमॅटिन-क्रोमॅटिड-क्रोमोसोम, अँटिजेन-अँटिबॉडी. यातले दोन्ही एकाच दिवशी पहिल्यांदा शिकवू नका. एक आधी पक्का होऊ द्या, त्याचं चित्र, त्याचं वाक्य, त्याचा प्रश्न, आणि मग काही दिवसांनी दुसरा आणून शेजारी बसवा. सिलॅबसमुळे दोन्ही एकाच पानावर असतील तर निदान एकाला जास्त वेळ द्या. थायमस, थॅलॅमस, थायमिन आणि थायमीनचा एक स्वतंत्र अर्धा तास करा, एक ग्रंथी, एक मेंदूचा भाग, एक डीएनएतला बेस, एक बी-वन व्हिटॅमिन, आणि त्या शेवटच्या दोघांत इंग्रजी स्पेलिंगमधे एकात 'वाय' आणि एकात 'आय-ए' एवढाच फरक, मराठीत लिहिताना तर तोही नीट दिसत नाही. वर कडी म्हणजे फुलालाही थॅलॅमस असतो, पुष्पाधार. इलियम तर उच्चाराला सारखेच दोन आहेत, एक लहान आतड्याचा शेवटचा भाग, एक कमरेचं हाड, स्पेलिंगमधे एकात 'ई' आणि एकात 'आय'. तिथे स्पेलिंगच पाठ करावं लागतं, इलाज नाही.

अनेकवचनाचं पण एकदा करून टाका. बॅक्टेरियाज, फंगसेस, मायटोकॉन्ड्रियाज असं आपण सगळेच बोलतो. बॅक्टेरियम एक, बॅक्टेरिया अनेक. मायटोकॉन्ड्रियॉन-मायटोकॉन्ड्रिया, फंगस-फंजाय, न्यूक्लिअस-न्यूक्लिआय, स्टोमा-स्टोमॅटा, व्हिलस-व्हिलाय, ओव्हम-ओव्हा. एका पानावर आलं सगळं. हे न केल्यामुळे पोरांना स्टोमा आणि स्टोमॅटा दोन वेगळ्या वस्तू वाटतात.

उच्चारासाठी तर फार काही नाही, मुक्या अक्षरांचे शब्द एकदा मोठ्याने म्हणून घ्या. झायलमची सुरुवात एक्सने होते, टेरिडोफायटा आणि स्यूडोपोडिया दोन्ही पीने सुरू होतात आणि तो पी बोलायचा नाही. ऐकलेला शब्द पुस्तकात शोधता येत नाही याचं निम्मं कारण हेच असतं.

तिसरा प्रकार म्हणजे क्रियापदं, आणि माझ्या मते इथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा. यासाठी जास्वंद आणा. खरंच, प्रत्येकाला एक फूल, एक ब्लेड, एक पांढरा कागद. निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग मुलांना येतं, त्यामुळे कॅलिक्स, कोरोला, अँड्रोशियम, गायनेशियम ही नावं लगेच लागतात. मग वाक्यांवर या. "द फ्लॉवर बेअर्स फाईव्ह पेटल्स." इथे बेअर म्हणजे अस्वल नाही, हे सांगावं लागतं. "द स्टॅमेन्स आर फ्यूज्ड." फ्यूज उडाला नाही, एकमेकांना जोडले गेलेत, आणि जास्वंदीत ती पुंकेसरांची नळी बोटाने चाचपून बघता येते. "द स्टाईल पासेस थ्रू द ट्यूब." "द ओव्हरी इज अटॅच्ड टू द थॅलॅमस." चार वाक्यांत चार क्रियापदं, हातात वस्तू आहे, डोळ्यासमोर आहे, आता ही क्रियापदं मुलगा विसरत नाही. मुलांना कागदावर फूल उलगडून चिकटवायला लावा आणि प्रत्येक भागाखाली नुसतं नाव नको, क्रियापदासकट एक वाक्य.

बाकी जी क्रियापदं सारखी सारखी येतात त्यांची वर्गात भिंतीवर एक यादी लावा आणि दर धड्याला वाढवत जा. सिक्रीट आणि एक्सक्रीट (एक कामाचं बाहेर सोडणं, एक टाकाऊ बाहेर टाकणं), अ‍ॅब्झॉर्ब, स्टिम्युलेट, इन्हिबिट, सिंथेसाईज, ब्रेक डाऊन, एन्क्लोज, शेड, लाईन. हो, लाईन हे क्रियापद आहे, आतून अस्तर असणं, पोरं रेघ समजतात. 'रिझल्ट्स इन' आणि 'रिझल्ट्स फ्रॉम' यावर तर एक अख्खा सराव घ्या, कारण एका छोट्या शब्दाने कारण आणि परिणाम उलटे होतात आणि असर्शन-रीझनचा (विधान आणि त्याचं कारण तपासायचा) प्रश्न तिथेच चुकतो.

बेदाणे पाण्यात टाकून फुगतात तो ऑस्मोसिसचा प्रयोग सगळेच करतात, त्यात एक भर घाला. मुलं आपापसात मराठीत चर्चा करोत, अगदी बिनधास्त, काय झालं, पाणी कुठून कुठे गेलं, का गेलं. पण वहीत लिहिताना अर्धी तयार वाक्यं द्या: "वॉटर मूव्ह्ड फ्रॉम ___ टू ___ अक्रॉस ___ बिकॉज ___." चर्चा मराठीत झाल्यामुळे विचार नीट होतो आणि रिकाम्या जागेमुळे इंग्रजीची भीती जाते. पुढच्या वेळी तयार शब्द अजून कमी करा, नंतर नुसती सुरुवात द्या.

शब्द लक्षात राहायचे तर ते परत परत समोर आले पाहिजेत. दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. तास सुरू होताना पाच मिनिटं जुने पाच शब्द, पण 'अर्थ सांगा' असं विचारू नका. एकदा चित्र दाखवून शब्द विचारा, एकदा शब्द देऊन वाक्य, एकदा चुकीचं वाक्य देऊन दुरुस्ती. "द किडनी सिक्रीट्स युरिया." बरोबर की चूक? वाद होतो, होऊ द्या.

पेपर तपासताना दोन खाती वेगळी ठेवा, संकल्पनेचे मार्क वेगळे आणि इंग्रजीचे वेगळे, निदान पहिल्या सहामाहीत. सुरुवातीच्या टेस्टमधे आकृतीला इंग्रजी लेबल आणि उत्तर मराठीत चालेल असं सांगा, दिवाळीनंतर छोटी इंग्रजी वाक्यं, जानेवारीपासून पूर्ण उत्तर. पहिल्याच टेस्टला तीन मार्कांच्या उत्तरात सात स्पेलिंगवर लाल गोल काढले की मुलगा पुढच्या वेळी कोरं सोडतो, आणि मग त्याला येत नव्हतं की लिहिता येत नव्हतं हे तुम्हालाच कळत नाही.

नीटचं विचारणारे बरेच असतात म्हणून तेही सांगते. नीटला १८० पैकी ९० प्रश्न बायोलॉजीचे, म्हणजे ७२० पैकी ३६० मार्क. पेपर मराठीत घेता येतो, फॉर्म भरतानाच निवडावं लागतं, सेंटर महाराष्ट्रातलं असावं लागतं, आणि पुस्तिकेत मराठीसोबत इंग्रजी प्रश्नही असतो, भाषांतरात शंका आली तर इंग्रजीच ग्राह्य. ऐकायला मस्त वाटतं, पण अकरावी-बारावी इंग्रजीत केलेल्या मुलाला त्या पातळीचे मराठी शब्द माहीतच नसतात, तिथे त्याला नवीनच भाषा वाटते. म्हणून मराठी घ्यायचं असेल तर अकरावीपासून दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहायची वही चालू ठेवायला सांगा (भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश यासाठी बघायला हरकत नाही), फॉर्मच्या आधी एक सराव पेपर मराठीत आणि एक इंग्रजीत सोडवून घ्या, वेळ लावून, आणि ज्यात जास्त प्रश्न वाचून होतात ती भाषा निवडायला सांगा.